कियांतीच्या पांढऱ्या वाटा: चार दिवसांत ग्रॅव्हल सायकलने काय साधेल?

धूळवाट:
आम्ही दोघे पती-पत्नी, वय पन्नाशीच्या आसपास, ऑक्टोबरच्या पूर्वार्धात इटलीतील तोस्काना प्रांतात जाणार असून त्यातील चार दिवस कियांतीच्या द्राक्षमळ्यांमधून ग्रॅव्हल सायकलने फिरण्यासाठी राखून ठेवले आहेत. डांबरी रस्त्यावर दिवसाला 80 ते 100 किलोमीटर चालवण्याची आम्हाला सवय आहे. खडीच्या रस्त्याचा अनुभव मात्र तुटपुंजाच आहे. गायोले या गावातून निघून तिथेच परतणारा, एरोइका या जुन्या सायकलींच्या सोहळ्याचा 209 किलोमीटरचा कायमस्वरूपी मार्ग चार दिवसांत पूर्ण करावा असे मनात आहे. टायर कोणते घ्यावेत, पाऊस लागला तर काय करावे, आणि वाटेत एखाद्या वायनरीत थांबून वाईनची चव घेणे कितपत शहाणपणाचे ठरेल, याबद्दल प्रत्यक्ष गेलेल्यांनी लिहावे.

मुक्काम:
209 चा आकडा पाहून दिवसाला 52 किलोमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटते, आणि नेमकी इथेच फसगत होते. या मार्गाचा जवळपास निम्मा भाग कच्चा आहे आणि एकूण चढ तीन हजार मीटरांहून अधिक आहे. लांब घाट असा नाहीच. छोटे, तीव्र चढ एकामागून एक येत राहतात, आणि प्रत्येक उतारावर हात ब्रेकवर असल्यामुळे उतारात विश्रांती मिळेल हा हिशेबही चुकतो.

माझा सल्ला असा की पूर्ण फेरीचा आग्रह सोडावा. फेरी ठरवली की प्रत्येक रात्रीचा मुक्काम आधी ठरतो, आणि मग आकाश काहीही म्हणो, त्या दिवशी त्याच वाटेने जावे लागते. इथल्या वाटा पावसात सारख्या वागत नाहीत, हे आधी समजून घ्यायला हवे. उत्तरेकडच्या कियांती क्लासिकोच्या टेकड्यांत अल्बेरेझे नावाचा कठीण चुनखडक आणि गालेस्त्रो नावाचा भुसभुशीत, पापुद्र्यांचा दगड आहे. पाणी त्यातून लवकर निचरून जाते. सांजोव्हेझे द्राक्षाला ते मानवते आणि सायकललाही. सिएनाच्या आग्नेयेला क्रेते सेनेसीचा प्रदेश सुरू होतो आणि तिथे सारी चिकणमातीच. ‘क्रेता’ म्हणजेच चिकणमाती. तिथे मळे विरळ होतात आणि गव्हाची उघडी शेते लागतात. कोरड्या दिवशी तो प्रदेश इतका देखणा की थांबून पाहत राहावे, पण पावसानंतर तीच माती चाकाला कणकेसारखी चिकटते. 2010 च्या जिरो दि’तालिया या इटलीच्या मोठ्या सायकल शर्यतीत मोंताल्चिनोचा टप्पा कॅडेल एव्हन्स याने जिंकला, त्या दिवशीची छायाचित्रे जरूर पाहा. चिखलामुळे कोणाची जर्सी कोणत्या रंगाची हेही ओळखता येत नव्हते.

म्हणून कास्तेलनुओव्हो बेरार्देंगा येथे चारही रात्री एकाच ठिकाणी राहावे. हे गाव या दोन प्रकारच्या मातींच्या सीमेवर आहे. रात्री पाऊस झाला तर सकाळी उत्तरेला मळ्यांकडे वळावे, दोन दिवस ऊन पडले तर दक्षिणेला उतरावे.

तारखांबद्दल एक गोष्ट. एरोइकाचा सोहळा गायोलेत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असतो. 1987 पर्यंतच्या बनावटीच्या सायकली घेऊन आणि लोकरी जर्सी घालून हजारो लोक येतात. पाहायला मजा येते, पण त्या आठवड्यात आसपास खोली मिळणे कठीण असते.

दातेरी:
मुक्काम यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. मार्गावर तपकिरी पाट्या लावलेल्या आहेत, एका गावातून दुसऱ्या गावी पोहोचण्याचे समाधान वेगळेच असते, आणि रोज त्याच खोलीत परतण्यात ते मिळत नाही. तरीही प्रश्नकर्त्यांना खडीची सवय नाही हे पाहता त्यांचाच सल्ला अधिक सुरक्षित आहे, हे मान्य करतो.

टायर 40 ते 45 मिलिमीटर रुंदीचे, ट्यूबलेस, आत ताजे सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) घातलेले. हवा डांबरावर भरता त्याच्या निम्म्याहूनही कमी. सत्तर किलोच्या आसपास वजन असेल तर सव्वादोन बारपासून सुरुवात करून रोज थोडी कमी-जास्त करून पाहावी. भाड्याची सायकल घेणार असाल तर गिअर आधी विचारा: पुढची चकती 40 दात्यांची असेल तर मागे निदान 42 दाते हवेत. पंधरा टक्क्यांच्या चढावर मोकळ्या खडीत उभे राहून पेडल मारले की मागचे चाक जागीच फिरते, त्यामुळे बसूनच चढता येईल इतका हलका गिअर लागतो. उतारांवर वाहनांमुळे पडलेल्या आडव्या वळ्या असतात. वेग वळणाआधीच कमी करावा. वळणात पुढचा ब्रेक धरला की चाक निसटते.

चिखलात सापडलातच तर एक चूक करू नका, जी मी केली. चाक आणि फोर्कच्या मध्ये माती भरली असताना मी जोर लावून पेडल मारत राहिलो. मागच्या गिअरचा हँगर (गिअरला चौकटीशी जोडणारा धातूचा तुकडा) मोडला आणि उरलेले नऊ किलोमीटर सायकल ढकलत चालावे लागले. उतरून काडीने माती काढावी, सायकल गवताच्या कडेने न्यावी, आणि सायकलच्या बनावटीला बसणारा एक हँगर खिशात ठेवावाच.

सावकाश:
वाईनबद्दल मी लिहितो, कारण मी सायकलपेक्षा तिच्यासाठीच अधिक जातो.

बहुतेक वायनरींमध्ये आधी वेळ ठरवून जावे लागते. ती वेळ सायकल चालवणे संपल्यानंतरची ठरवा. इटलीत रक्तातील अल्कोहोलची 0.5 ग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा सायकलस्वारालाही लागू होते, पण कायदा बाजूला ठेवला तरी दुपारच्या उन्हात तीन पेले घेऊन खडीचा उतार उतरणे हा निव्वळ वेडेपणा आहे. चव घेऊन थुंकण्याचे भांडे मागण्यात कोणताही अपमान नाही; व्यावसायिक लोक तेच करतात. एकच वायनरी निवडायची असेल तर ब्रोलिओ निवडा. सायप्रसच्या झाडांमधून चढणारी पांढरी वाट, वर रिकासोली घराण्याचा किल्ला. इटलीचे दोनदा पंतप्रधान झालेल्या बेत्तिनो रिकासोली यांनी सांजोव्हेझेला प्रमुख स्थान देणारे कियांतीचे मिश्रण 1872 मध्ये इथेच मांडले.

तुम्ही जाणार तेव्हा काही मळ्यांत तोडणी चालू असेल. अरुंद वाटेवर ट्रॅक्टर समोर आला तर आपण उतरून कडेला व्हावे. ‘स्त्रादा प्रिव्हाता’ अशी पाटी असेल तिथे नकाशात वाट दिसली तरी आत शिरू नये. शिकारीचा हंगामही चालू असतो, त्यामुळे रानातून जाताना भडक रंगाचे कपडे घाला. मंगळवारी आणि शुक्रवारी शिकारीला कायद्याने बंदी असल्याने रानातले लांब टप्पे त्या दिवशी ठेवलेले बरे. गावातील दुकाने दुपारी एकच्या सुमारास बंद होतात आणि बरीच चारनंतर उघडतात. जेवणाचे सामान सकाळीच घ्यावे.

धूळवाट:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पूर्ण फेरीचा बेत सोडला आहे आणि एरोइकानंतरच्या आठवड्यात कास्तेलनुओव्होत चार रात्री राहायचे ठरवले आहे. हवामान कोरडे असेल तर मोंते सान्ते मारिए हा प्रसिद्ध टप्पा एक दिवस करावा असे सौ.चे म्हणणे आहे. तो आम्हाला झेपेल का?

मुक्काम:
झेपेल, घाई न केल्यास. साडेअकरा किलोमीटरचा हा पट्टा स्त्रादे बियांके शर्यतीत येतो आणि ती तीनदा जिंकणाऱ्या फाबियान कान्चेलारा याचे नाव त्याला दिलेले आहे. आदले दोन दिवस पाऊस नसेल तरच जा. सिएनाहून आशानोला प्रादेशिक रेल्वे जाते. वेळापत्रकात सायकलचे चिन्ह असलेली गाडी निवडून सायकलचे वेगळे तिकीट काढा, आणि आशानोकडून कास्तेलनुओव्होकडे चालवत या, म्हणजे दिवस मुक्कामाच्या दारातच संपेल. पाण्याच्या बाटल्या आशानोतच भरा. गावातील नळावर ‘नोन पोताबिले’ लिहिलेले असेल तर ते पाणी पिण्याचे नाही, आणि पुढे त्या उघड्या टेकड्यांवर सावलीसुद्धा क्वचितच भेटते.