मदत हवी आहे: जैसलमेरची जीप सफारी, सोबत आई आणि लहान मुलगी

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सांगलीहून सहा जण जैसलमेरला जात आहोत. तिथल्या सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर जीप सफारी करायची आहे. सोबत आई (वय ६८, कमरेच्या मणक्यात गॅप) आणि मुलगी (वय ७). आईला बसवावं का? गाडी आणि चालक नीट आहेत हे बसायच्या आधी कसं ओळखायचं? वाळूत रुतलो तर काय? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

रेतीतलं चाक
मणक्यात गॅप असेल तर आईंना जीपमध्ये अजिबात बसवू नका. माथा ओलांडताना पुढची चाकं आधी खाली जातात, मग मागचा भाग आपटतो आणि तो दणका सरळ कमरेत बसतो. सगळ्यात जास्त मागच्या आडव्या बाकड्यावर. उंटावरही नको. उंट उठताना आधी मागचे पाय उभे करतो, त्यामुळे बसलेला माणूस एकदम पुढे जातो आणि लगेच मागे फेकला जातो. त्यांच्यासाठी उंटगाडी घ्या आणि खाली जाड गादी आहे ना ते बघा.

आता गाडी. रंग, म्युझिक सिस्टीम काही बघू नका, टायर बघा. रस्त्यावर ३० ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असते, वाळूत ती १५ ते १८ वर आणावी लागते. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक रुतत नाही. खाली वाकून पाहिलं की जमिनीजवळ टायरचं पोट थोडं सुटलेलं दिसायला हवं. टायर टणक गोल दिसला तर समजा, हा चालक हवा कमी न केल्याची उणीव वेगाने भरून काढणार. वेगात माथ्यावरून गाडी उडते आणि अपघात तिथेच होतात. चालकाला सरळ विचारा, ‘हवा किती ठेवली आहे?’ ज्याला काम येतं तो लगेच आकडा सांगतो.

दुसरं म्हणजे, मागे उभं राहून दांडी धरायची पद्धत तिकडे सर्रास आहे. ते करू नका. गाडी कलंडली तर उभा माणूस आधी बाहेर फेकला जातो आणि गाडी त्याच्यावर येते. सीटला पट्टे असलेली आणि डोक्यावर मजबूत पाइपांचा सांगाडा असलेली गाडीच ठरवा. सांगाडा चॅसीला (गाडीच्या खालच्या मुख्य लोखंडी चौकटीला) बोल्टने बसवलेला असावा, नुसता पत्र्याला जोडलेला नको. पट्टा नसेल तर मुलीला मांडीवर घेऊनही बसू नका. दणक्यात हात सुटतात.

सातारी गिअर
वरच्याला पूर्ण अनुमोदन. चालवण्याबद्दल थोडं.

टेकडीची वाऱ्याकडची बाजू पसरट आणि घट्ट असते, १० ते १५ अंश. पलीकडची बाजू ३२ ते ३४ अंशांची आणि भुसभुशीत. तिथली वाळू त्या कोनात जेमतेम टिकून असते. म्हणून चढायचं आणि उतरायचं ते सरळ. गाडी तिरकी झाली की खालच्या बाजूची चाकं वाळूत घुसतात आणि वरचं वजन तिला उलथवतं. घसरायला लागलीच, तर स्टिअरिंग उताराकडे वळवून हलका रेस द्यायचा. ब्रेक मारला तर चाकांपुढे वाळूचा ढीग साचतो.

वेळ महत्त्वाची. भर दुपारी टेकड्यांवर सावली कमी पडते, त्यामुळे पुढचा कडा चालकालाही नीट दिसत नाही. डिसेंबरअखेर तिथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. शहरापासून सम ४० किमीच्या आसपास आहे, चारच्या आत पोहोचा. अगदी मावळतीला पश्चिमेकडे तोंड करून गाडी चालवायला लावू नका, डोळे दिपतात.

रुतलात तर: ऊस भरलेली ट्रॉली चिखलात अडकल्यावर रेस वाढवला की काय होतं, ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. इथेही तेच. चाक फिरलं की खड्डा होतो आणि गाडीचं पोट वाळूला टेकतं. लगेच थांबायचं, सगळ्यांनी उतरून चढाच्या बाजूला उभं राहायचं. चाकांभोवतीची आणि पोटाखालची वाळू फावड्याने काढायची, हवा १२ पीएसआयपर्यंत सोडायची आणि आलेल्या चाकोरीतूनच हळू मागे यायचं. त्या हवेवर जोरात वळलं तर टायर रिमवरून निसटतो. दुसऱ्या गाडीने ओढायचं असेल तर पट्टा चॅसीच्या हुकालाच अडकवायचा, बंपरला नाही. ओढताना पट्ट्याच्या जवळपास कुणीही थांबू नये.

विश्रामबागकर
फार मोलाची माहिती, धन्यवाद. आईसाठी उंटगाडी नक्की. मुलीला घाटात गाडी लागते, त्याचं काय?

रेतीतलं चाक
दोन तास आधी हलकं खायला द्या, पोट रिकामंही नको. गोळी द्यायची तर डोस तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारूनच, आणि ती आधी द्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग नाही. मागे बसवू नका, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या सीटवर बसवा. फेरी २० मिनिटांची ठरवा. डोळ्यांना गॉगल, पायात चप्पल नको, बूट हवेत.

माळावरचा
एक कळकळीची विनंती. तो भाग ३,१६२ चौ. किमीच्या मरू राष्ट्रीय उद्यानाचा शेजार आहे. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यामुळे आपल्याला माळढोक पक्षी परका नाही, त्याचे उरलेसुरले पक्षी मुख्यतः तिथेच आहेत. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. ‘सेवण’ गवताचे पट्टे दिसले की चालकाला तिकडे गाडी घालू देऊ नका, रुळलेल्या चाकोरीतूनच न्यायला सांगा. जास्तीचे पैसे देऊन नवी वाट मागू नका.

सातारी गिअर
एक राहिलं. त्याच जीपने जैसलमेरला परतणार असाल तर डांबरी रस्त्यावर चढण्याआधी हवा पुन्हा भरून घ्यायला लावा. १६ पीएसआयवर ते ४० किमीचं अंतर वेगात धावलं तर टायरच्या बाजू तापून फाटतात. चालकाकडे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आहे का, हे निघतानाच बघा. चारही टायर भरायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढा वेळ धरूनच निघा.