मदत हवी आहे: पट्ट्यांच्या स्वेटरची एक कड आखूड होते आहे

36 इंच छातीसाठी सैलसर, मुंढा न कापता विणायचा सोपा स्वेटर घेतला आहे. तयार घेर साधारण 102 सें.मी. हवा. लोकर डबल निटिंग (मध्यम जाडीची), सुया 4 मि.मी. (8 नंबर), बॉर्डरला 3.25 मि.मी. (10 नंबर). नमुन्याच्या चौकोनात 10 सें.मी.ला 22 टाके आणि 28 ओळी आल्या. पाठीला 114 टाके घालून 6 सें.मी. दोन सुलट-दोन उलट बॉर्डर निळ्या रंगात केली. त्यावर एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा साध्या विणीत पांढरा-निळा 6-6 ओळींचा पट्टा, पहिला पांढरा. लोकर न तोडता कडेने वर नेते आहे.

चार पट्टे झाले आणि उजवी कड डावीपेक्षा दीड सें.मी. आखूड दिसते. बॉर्डरमध्ये एक पांढरी रेघ टाकली होती, तिथे निळे ठिपके उमटले आहेत. विणकाम उसवावे लागेल का? आणि पुढचा भाग व बाह्यांचा हिशेब कुणी तपासून देईल का?

सुलटउलट:
ताई, टाके आणि माप बरोबर आहे. 114 हा आकडाही चांगला निवडलात: बॉर्डर दोन सुलटांनी सुरू होऊन दोन सुलटांवर संपते, त्यामुळे बाजूची शिवण मधोमध नीट जुळते.

कड आखूड होण्याचं कारण वर नेलेली लोकर. 6 ओळींचा पट्टा सुमारे 2 सें.मी. उंच असतो. तेवढं अंतर ती एका दमात ओढून नेली की कड आत खेचली जाते. दर दुसऱ्या ओळीला, म्हणजे प्रत्येक सुलट ओळीच्या सुरुवातीला, थांबलेला रंग चालू रंगाभोवती एकदा फिरवून घ्या. रंग बदलताना पहिला टाका विणण्याआधी कड सुईखाली सपाट धरा आणि लोकर फक्त टेकेल इतकीच ठेवा. पहिला टाका घट्ट ओढायची सवय असते, नेमकं तिथेच बिघडतं.

रंग नेहमी सुलट बाजूनेच बदला आणि पट्ट्याच्या ओळी सम ठेवा. विषम ओळींचा पट्टा घेतला तर थांबलेली लोकर दुसऱ्या टोकाला राहते आणि मग दर वेळी तोडावी लागते. 8 ओळींपेक्षा रुंद पट्टा असेल तर मात्र तोडणंच बरं, 15 सें.मी.चं टोक ठेवा आणि त्याच रंगाच्या पट्ट्यात मागून ओवा.

लोकरगुंडा:
ठिपक्यांचं सांगते. नव्या रंगाचा उलट टाका सुलट बाजूला आला की जुन्या रंगाची गाठ त्याच्यावर दिसते. म्हणून बॉर्डरमध्ये रंग बदलताना पहिली ओळ पूर्ण सुलट विणायची आणि दुसऱ्या ओळीपासून पुन्हा दोन-दोन. एका ओळीने बॉर्डरची ताण कमी होत नाही.

आणखी एक, कडेचा पहिला टाका न विणता सरकवू नका. एकरंगी विणीत तो शोभतो, पण पट्ट्यांमध्ये जुना रंग पुढच्या पट्ट्यात लांबट टाक्यासारखा चढतो आणि शिवताना ओळी मोजता येत नाहीत.

प्रश्नकर्ती:
वर नेलेले धागे मधोमध कापून कड सैल करता येईल का? तेवढंच उसवणं वाचेल.

सुलटउलट:
नको. कापल्यावर जेमतेम एक-एक सें.मी.ची टोकं उरतात, ती ओवता येत नाहीत आणि कडेचा टाका सुटतो. ओलं करून ताणल्यानेही हे जात नाही, ॲक्रिलिक तर अजिबात दाद देत नाही. 24 ओळीच आहेत, उसवा. ठिपके खटकत असतील तर बॉर्डरमधल्या त्या रेघेपर्यंत जा. जिथे थांबायचं त्या ओळीच्या प्रत्येक टाक्याच्या उजव्या पायातून आधी बारीक सुई घाला, मग वरचं ओढा. टाके पळत नाहीत.

आता हिशेब. पाठीला 24 पट्टे, म्हणजे 144 ओळी. 14 पट्टे झाले की दोन्ही कडांना खुणेचा दोरा बांधा, तिथून वर मुंढा. शेवटी 37 टाके बंद, मधले 40 वेगळ्या दोऱ्यावर, पुन्हा 37 बंद.

पुढचा भाग 20 पट्ट्यांपर्यंत अगदी तसाच. मग मधले 20 टाके बंद करा, प्रत्येक बाजूला 47 उरतील. गळ्याच्या कडेला एक ओळ सोडून एक टाका, असे 10 टाके घटवा, त्यावर 4 ओळी साध्या, आणि 37 बंद.

बाहीला 50 टाके, 6 सें.मी. बॉर्डर. मग दर चौथ्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका, असं 22 वेळा, 94 टाके होतील. त्यावर 14 ओळी साध्या. एकूण 102 ओळी, 17 पट्टे. टाका कडेपासून एक टाका आत वाढवा, नाहीतर शिवण दातेरी दिसते. दोन्ही बाह्यांचा पहिला पट्टा एकाच रंगाचा ठेवायला विसरू नका.

लोकरगुंडा:
एकूण 500 ग्रॅम लोकर धरा, त्यात निळी 300, कारण सगळ्या बॉर्डर निळ्या. गुंड्यांवरचा लॉट नंबर (एकाच वेळी रंगवल्याची खूण) एकच बघून घ्या. निळ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून बघा. रंग सुटत असेल तर ही जोडी घेऊच नका.

शिवताना दोन्ही तुकडे सुलट बाजू वर करून शेजारी ठेवा आणि कडेच्या टाक्याच्या आतला आडवा धागा एकदा इकडचा, एकदा तिकडचा उचला. ओळीला ओळ लागली की पट्टा आपोआप जुळतो, आणि वर नेलेली लोकरही शिवणीत लपते. बाही जोडताना एका बाजूला 94 टाके, दुसरीकडे पाठ आणि पुढचा भाग मिळून मुंढ्याच्या 120 ओळी आहेत, म्हणून 3 टाक्यांना 4 ओळी असा मेळ घाला, मधूनमधून एकास एक.

गळ्याला आधी एकच खांदा शिवा, 10 नंबरच्या सुईवर 98 टाके उचला, 8 ओळी बॉर्डर विणा आणि टाके बंद करताना 8 नंबरची सुई वापरा. मग दुसरा खांदा आणि गळापट्टी एकत्र शिवा. शिवण्याआधी टाचण्या लावून डोकं आत जातं का ते बघून घ्या.