मदत हवी आहे : डायव्हिंगनंतर आंबोली घाट किती तासांनी चढावा?

आम्ही बेळगावचे तिघे ओपन वॉटर (स्कूबा डायव्हिंगचे प्राथमिक) प्रमाणपत्रधारक डिसेंबरात मालवणला जाणार असून शनिवारी दोन आणि रविवारी सकाळी दोन डाइव्ह, साध्या हवेच्या टाक्यांवर, सुमारे 16 मीटर खोलीपर्यंत करण्याचा विचार आहे. अडचण परतीच्या वाटेची आहे : डाइव्हनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्याआधीच उंचीवर, म्हणजे कमी हवेच्या दाबात गेल्यास त्याचे बुडबुडे होऊन त्रास होऊ शकतो. आंबोली सुमारे 690 आणि बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर असल्याने आमची गाडी दोन-अडीच तासांतच 600 मीटरची उंची ओलांडते, आणि अनेक डाइव्हनंतर विमानप्रवासापूर्वी किमान 18 तास थांबावे ही ‘डॅन’ (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) या डायव्हिंग-सुरक्षा संस्थेची सूचना नेमकी त्याच उंचीपासून लागू होते. गेल्या खेपेस सावंतवाडीत चहाला थांबलो, तेव्हा मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर विमानाचे चिन्ह (म्हणजे अजून विमानप्रवास नको) आणि 14 तास शिल्लक दिसत होते. तरीही आम्ही घाट चढलो, त्रास झाला नाही, पण तो शहाणपणा नव्हे. तिकडच्या एका केंद्रात विचारले असता ‘विमानात बसणार नाही ना, मग चालेल’ एवढेच उत्तर मिळाले. चोर्ला घाटाने आल्यासही उंची टळत नाही आणि सोमवारी सकाळी 9 वाजता उद्यमबागेत कामावर हजर राहणे भाग आहे. अमेरिकी नौदलाचा उंचीवर जाण्यापूर्वीच्या प्रतीक्षेचा तक्ता ज्यांनी वापरला आहे, त्यांनी कृपया सांगावे : रविवारी एकच उथळ डाइव्ह करून रात्री 8 नंतर घाट चढणे पुरेसे सुरक्षित ठरेल, की रविवारचे डाइव्ह सोडूनच द्यावेत?