नैरोबी ते कंपाला बसने, एकटीने: आधी कोणते कागद, आणि कुठली बस?

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत मुंबई–नैरोबी विमान, तिथून बसने कंपाला आणि दिवस उरले तर पुढे रवांडातलं किगाली, असा बेत आहे. एकटीच जाणार आहे. खर्च आटोक्यात ठेवायचा आहे, पाठीवर एकच सॅक असेल. शाकाहारी आहे, अंडं चालतं.

अडलंय ते असं: एजंट म्हणतो केनियाला यलो फीव्हरची लस लागत नाही, मग ती टाळू का? बस रात्रीची घ्यावी की दिवसाची? सीमेवर बस थांबते का आपल्यासाठी? आणि रोख किती, कशात न्यावी? "जाऊच नका" हा सल्ला घरून भरपूर मिळालाय, तो इथे नको.

सीमापार

एजंट अर्धंच खरं बोलतोय. भारतातून थेट नैरोबीत उतरलात तर केनिया लस मागत नाही. पण तुम्हाला तीन ठिकाणी पिवळं कार्ड, म्हणजे या लसीचं प्रमाणपत्र, लागणार आहे. युगांडाच्या ई-व्हिसाच्या अर्जात ते अपलोड करावं लागतं. केनियातून युगांडात शिरताना बुसियाच्या सीमेवर आरोग्य खात्याच्या टेबलावर दाखवावं लागतं. आणि सर्वात कडक तपासणी परतताना आपल्याच मुंबई विमानतळावर होते: यलो फीव्हरच्या यादीतल्या देशातून येऊन कार्ड नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. तिथे वाद घालून उपयोग होत नाही.

म्हणून सगळ्याची सुरुवात लसीपासून. पुण्यात महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात, मंगळवार पेठेत, ही लस मिळते. आधी नाव नोंदवा. एका कुपीत अनेक डोस असतात आणि कुपी उघडली की काही तासांत संपवावी लागते, त्यामुळे अशी केंद्रं ठरावीक दिवशी माणसं जमवूनच लस देतात. ऐनवेळी गेलात तर हात हलवत परत याल. मूळ पासपोर्ट सोबत हवा. कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होतं आणि मग आयुष्यभर चालतं. केंद्रातून बाहेर पडण्याआधी तिथेच उभं राहून नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक आणि तुमची सही तपासा. ही जिवंत लस आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण किंवा प्रतिकारशक्तीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. दुसरी एखादी जिवंत लस घ्यायची असेल तर ती त्याच दिवशी, नाहीतर चार आठवड्यांच्या अंतराने.

कार्ड हातात आलं की युगांडाचा ई-व्हिसा: एका प्रवेशाचा, ५० डॉलर आणि वर कार्डाचं किरकोळ शुल्क. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून ईटीए, म्हणजे निघण्याआधी ऑनलाइन घ्यायची प्रवासाची परवानगी, सुरू केलं आहे. त्याला विमानाचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग जोडावं लागतं. दोन्हींच्या नावाने नकली संकेतस्थळं भरपूर आहेत, ती दुप्पट पैसे घेतात. खरा पत्ता केनियाचा असेल तर 'गो डॉट केई'ने संपतो, युगांडाचा 'गो डॉट यूजी'ने. रवांडाला राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना तीस दिवसांचा व्हिसा सीमेवरच विनाशुल्क मिळतो, त्यात आपण येतो.

केनिया, युगांडा, रवांडा या तिघांचा मिळून १०० डॉलरचा पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसाही आहे, नव्वद दिवसांचा. पण कंपालाहूनच घरी परतणार असाल तर तो महागच पडतो. किगालीला जाऊन पुन्हा युगांडात शिरणार असाल, किंवा तिघांमध्ये अशी ये-जा करणार असाल, तरच घ्यावा.

परतीचं विमान नैरोबीहून काढू नका. कंपालाचा विमानतळ एंटेबी, तिथून मुंबईला युगांडा एअरलाइन्सचं थेट विमान २०२३ पासून आहे. त्याच रस्त्याने परत यायचं टळतं, आणि केनियात दुसऱ्यांदा शिरण्याचा प्रश्नही उरत नाही. मुंबईत चेक-इनला परतीचं तिकीट विचारतात, तेव्हा दोन वेगळ्या कंपन्यांची एकेरी तिकिटं छापून ठेवा.

लाल_डबा

बसबद्दल. लोक बस सुटायची वेळ बघतात, बघायची असते पोचायची. नैरोबी–कंपाला साधारण साडेसहाशे किलोमीटर, सीमा धरून बारा ते चौदा तास. सकाळी सातची बस घेतलीत तर कंपालात रात्री नऊ-दहाला उतराल, तेही ओल्ड टॅक्सी पार्कच्या आसपासच्या गर्दीत. संध्याकाळी सातची घेतलीत तर सकाळी उजेडात पोचाल, पण सीमा पहाटे चारच्या सुमारास झोपेतून उठून ओलांडावी लागेल. आणि रात्रभर तो दुपदरी रस्ता. मोंबासा बंदरातून युगांडा, रवांडा आणि पूर्व काँगोकडे जाणारा बहुतेक माल याच रस्त्याने जातो, म्हणजे सगळे ट्रक तुमच्या बससमोर.

घेणारच असाल तर रात्रीची घ्या, असं बहुतेकजण सांगतात. मी दोन्ही नको म्हणेन. वाटेतल्या किसुमू शहरात मुक्काम करून प्रवास तोडा.

पहिला दिवस नैरोबी–किसुमू: सुमारे साडेतीनशे किलोमीटर, सकाळी निघून दुपारपर्यंत पोचता. वाटेत रिफ्ट व्हॅलीचा उतार आणि केरिचोचे चहाचे मळे उजेडात दिसतात, रात्रीच्या बसमध्ये हे सगळं फुकट जातं. रात्री किसुमूत मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी मटाटूने बुसिया, दोन-अडीच तास. मटाटू आपल्या वडापसारखी, भरली की सुटते, म्हणून सातच्या आत स्टँडवर जा. सीमा पायी ओलांडा. पलीकडून कंपाला दोनशे किलोमीटरच्या आसपास, चार-पाच तास. दुपारी तीन-चारला शहरात. एक मुक्काम वाढतो, पण अंधारात उतरल्यावर जी चढ्या भावाची गाडी करावी लागते, ती वाचते.

युगांडात मटाटूला 'टॅक्सी' म्हणतात आणि आपण ज्याला टॅक्सी म्हणतो तिला 'स्पेशल हायर'. हे माहीत नसलं की चौदाजणांच्या गाडीऐवजी आख्खी मोटार गळ्यात पडते.

मृण्मयी_कोथरूड

किसुमूचं पटलं. पण पायी सीमा ओलांडताना नेमकं काय करायचं? आणि सॅक कुठे ठेवायची?

सीमापार

बुसियाला २०१८ पासून एकच थांबा आहे, दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत. जाणाऱ्याने केनियाकडच्या इमारतीत रांग लावायची नाही, थेट युगांडाकडच्या दालनात जायचं. पहिल्या खिडकीवर केनियाचा बाहेर पडल्याचा शिक्का, शेजारच्या खिडकीवर युगांडाचा प्रवेशाचा. बोटांचे ठसे, फोटो. हातात हे तीन कागद तयार ठेवा: पासपोर्ट, ई-व्हिसाच्या मंजुरीची छापील प्रत, पिवळं कार्ड. मोबाइलवरची प्रत दाखवायला गेलं आणि नेट गेलं की मागची सगळी रांग खोळंबते.

सर्वात नेहमीची चूक: मटाटूतून उतरल्याबरोबर बोडा-बोडावाले म्हणजे मोटरसायकलवाले गराडा घालतात आणि "पलीकडे सोडतो" म्हणून शिक्के न मारताच थेट गावात नेऊन सोडतात. ती सीमा तशी सैल आहे, स्थानिक लोक दिवसातून चारदा ये-जा करतात. पण तुमच्या पासपोर्टवर शिक्का नसेल तर एंटेबीला दंड आणि चौकशी. दोन्ही शिक्क्यांच्या तारखा तिथेच वाचून मग पुढे व्हा.

थेट बसनेच गेलात तर बस थांबते, पण अनंतकाळ नाही. नंबरप्लेटचा फोटो बस थांब्यावर असतानाच काढा, शेजारच्या प्रवाशाच्या मागे राहा. सीमेच्या इमारतीचे फोटो अजिबात नकोत. पुढे जिंजाला नाईलवरच्या धरणापाशीही नकोत, तिथे पहारा असतो.

सॅक चाळीस लिटरच्या आत असेल तर मांडीवर किंवा पायाशी राहते. खाली डिकीत टाकायची वेळ आलीच तर कंडक्टरकडून चिठ्ठी घ्या आणि वाटेतल्या प्रत्येक मोठ्या थांब्याला नजर टाका. शेवटची रांग आणि मागच्या चाकावरची सीट टाळा. नैरोबीत तिकीट काढताना सीटचा नकाशा दाखवतात. बसमध्ये स्वच्छतागृह नसतं. नाकुरूला गाडी थांबते, तिथे सुटी नाणी आणि स्वतःचा कागद लागतो.

पिठलं_भाकरी

खाणं सोपं आहे, घाबरू नका. केनियात गिथेरी (मका आणि राजमा एकत्र उकडून), उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि सुकुमा विकी ही पालेभाजी, मांदाझी (तळलेला गोडसर पाव) आणि दुधाचा चहा कुठेही मिळतात. भाजी मटणाच्या रश्श्यात शिजवलीय का, एवढं विचारा. तिथली चपाती मैद्याची आणि तेलकट असते, पोळीची अपेक्षा ठेवू नका. नैरोबीत पार्कलँड्स भागात, डायमंड प्लाझाच्या आसपास, गुजराती आणि पंजाबी खाणं मुबलक. युगांडात रस्त्यावर रोलेक्स मिळतं, म्हणजे चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट. तुम्हाला अंडं चालतं म्हणजे पोटाचा प्रश्नच मिटला. माटोके, म्हणजे हिरव्या केळ्यांचा लगदा, शेंगदाण्याच्या रश्शाबरोबर बरा लागतो. माबिरा जंगलात गाडीच्या खिडकीशी भाजलेली केळी विकायला येतात, मात्र त्याच जाळीवर मांसही भाजतात.

घरून धपाटे, चिवडा न्या, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही! केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून कॅरीबॅगवर बंदी आहे आणि कायद्यात दंड लाखो शिलिंगांचा, शिवाय कैदही. रवांडात बंदी २००८ पासूनची, सीमेवर सामान उघडून पिशव्या काढून घेतात. कापडी थैल्या आणि डबे वापरा.

लाल_डबा

पैसे. डॉलर नवे आणि कोरे न्या. जुन्या, दुमडलेल्या किंवा पेनाची खूण असलेल्या नोटा घेत नाहीत किंवा कमी भाव देतात. ५० आणि १०० च्या नोटेला छोट्या नोटेपेक्षा चांगला भाव मिळतो. एक रुपया म्हणजे साधारण दीड केनियन शिलिंग, आणि युगांडाचे चाळीसच्या आसपास. सीमेवरचे पैसे बदलून देणारे याच शून्यांच्या गोंधळावर पोट भरतात. आकडा घरून पाठ करून जा, तिथे फक्त जेवण-भाड्यापुरतं बदला, बाकी कंपालात.

केनियात सगळं एम-पेसावर, म्हणजे सफारीकॉम या मोबाइल कंपनीच्या फोनवरून पैसे देण्याच्या सोयीवर, चालतं. सफारीकॉमच्या दुकानात पासपोर्ट दाखवून सिम आणि खातं दोन्ही मिळतं. सीमेआधी त्यातले पैसे संपवा किंवा काढा. एअरटेल तिन्ही देशांत आहे, पण तिथलं सिम वेगळंच घ्यावं लागतं; आपलं पुण्याचं सिम रोमिंगवर ठेवा ते फक्त बँकेच्या ओटीपीपुरतं.

सीमापार

मलेरियाचं राहिलं. नैरोबी सतराशे मीटरच्या वर असल्याने तिथे धोका कमी, किसुमू आणि कंपालात मात्र आहे. डॉक्सीसायक्लिन घेतलीत तर परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवावी लागते आणि उन्हाने त्वचा भाजते; ॲटोव्हाकोन-प्रोग्वानिल महाग, पण परतल्यावर सात दिवसांत संपते. कोणती, ते डॉक्टर ठरवतील. मच्छरदाणीला भोक नाही ना, हे खोली घेण्याआधी बघा.

मृण्मयी_कोथरूड

लसीसाठी सोमवारीच फोन करते. किगालीची बस दिवसाची घेऊ ना?

लाल_डबा

हो, पहाटेची. जॅग्वार कंपनीच्या गाड्या कंपालाहून गतुना सीमेमार्गे जातात, साधारण पाचशे किलोमीटर, नऊ-दहा तास. काबालेच्या पुढे डोंगराळ वळणं आहेत, ती उजेडात असलेली बरी. सीमा ओलांडली की घड्याळ एक तास मागे करा आणि रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा, तिथे वाहनं उजव्या बाजूने चालतात. न्याबुगोगो स्टँडवर उतराल.