काड्यांवर वजाबाकी येते, वहीत गेली की चुकते. काय करू?

पाटणची_बाई

नमस्कार मंडळी. पाटण तालुक्यात झेडपीच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे, माझ्याकडं दुसरी-तिसरी जोडून आहेत. प्रश्न हातच्याच्या वजाबाकीचा आहे, म्हणजे इथल्या निम्म्या शिक्षकांनी आत्ताच कपाळाला हात लावला असणार.

यंदा ठरवून सगळं साहित्यानं घेतलं. बांबूच्या काड्या पोरांनीच आणल्या, दहा-दहाचे गठ्ठे त्यांनीच बांधले, वर रबर. ५२ वजा २७ म्हटलं की फरशीवर पाच गठ्ठे आणि दोन सुट्या मांडतात, २७ काढून बाजूला ठेवतात, उरलेल्या २५ मोजून दाखवतात. एकदम बरोबर. आणि तेच गणित उभं मांडून वहीत सोडवा म्हटलं की उत्तर ३५! सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, विषय संपला. काल एक मुलगी, तिच्या पुढ्यात फरशीवर २५ काड्या तशाच पडल्यात आणि ही वहीत ३५ लिहितीय. मी म्हटलं अगं यातलं खरं कुठलं? तर म्हणते "काड्यांचं २५ बाई, आणि वहीचं ३५". तिला त्यात काही वावगंच वाटेना.

शिक्षण परिषदेत, म्हणजे आम्हा शिक्षकांच्या बैठकीत, विषय काढला तर "सराव वाढवा" एवढंच उत्तर. सराव वाढवला की ३५ चा पण सराव होतो ना! तर काड्या बंद कधी करायच्या, वहीकडं कसं न्यायचं, कुणी खरंच वर्गात केलं असेल तर सांगा. पालक पण विचारायला लागलेत की पोरं दिवसभर काड्याच खेळतात काय.

तासगावकर_७

मॅडम राग मानू नका, मी शिक्षक नाही, पालक आहे, पण ते पालक विचारतात त्यात चूक काय? आमच्या वेळी पाढे, पावकी, निमकी सगळं तोंडपाठ होतं, काड्या-बिड्या कुणी बघितल्या नव्हत्या आणि हिशोबात कधी अडलो नाही. पुढं शिष्यवृत्ती आहे, नवोदय आहे, तिथं पेपरात काड्या नेऊ देणार आहेत का? माझ्या पोराला तिसरीत बोटांवर मोजायची सवय लागलीय ती आता मोडता मोडेना. एकदा रीत पाठ करून घ्या, समजायचं ते मागनं समजतंय.

कोरेगाव_मास्तर

तासगावकर, पाढे पाठ पाहिजेतच, त्याला कोण नाही म्हणतंय. पण त्या पोरीनं रीत पाठच केलीय की, फक्त चुकीची. "मोठ्यातून लहान वजा" ही पण रीतच आहे.

ताई, एक काम करा. उद्या पोरं काड्यांवर गणित करताना नुसतं बघत बसा, मधे बोलू नका (हे सगळ्यात अवघड, आपल्याला बोलल्याशिवाय करमत नाही). ५२ मधून २७ काढायचे तर बहुतेक पोरं आधी दोन गठ्ठे उचलतात, कारण ते सोपं. उरले ३२. मग सात पाहिजेत, सुट्या दोनच, मग एका गठ्ठ्याचं रबर काढतात. म्हणजे हात आधी दशकाकडं जातो, मग सुट्यांकडं. आणि वहीत आपण शिकवतो बरोबर उलटं, आधी एकक, मग दशक. त्यामुळं फरशीवरचं काम आणि वहीतलं काम यांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे पोराला दिसतच नाही. तुमची मुलगी खरं तेच बोलली.

म्हणून मी आधी हातानं जे केलं ते तसंच्या तसं आडवं लिहून घेतो. ५२ − २० = ३२, मग ३२ − ७ = २५. उभी मांडणी नाहीच. हे आठ-पंधरा दिवस चालू दे, घाई नाही. मग एक दिवस म्हणायचं, आज आधी सुट्या काढायच्या. आता रबर पहिल्यालाच काढावं लागतं. रबर काढलं की तिथंच थांबवायचं, काही काढून घ्यायचं नाही, आणि विचारायचं आता एकूण काड्या किती? आपल्याला वाटतं हा काय प्रश्न झाला, पण निम्मी पोरं ६२ म्हणतात नाहीतर परत एक पासून मोजायला बसतात. मोजू द्या. मोजून ५२ च येतात. पाच गठ्ठे दोन सुट्या पण ५२ आणि चार गठ्ठे बारा सुट्या पण ५२, हे पटलं की मगच पेन्सिल हातात.

त्यानंतर जोड्या करायच्या. एक काडीवाला, एक वहीवाला. काडीवाल्यानं रबर काढलं की वहीवाल्यानं ५ वर काट मारून ४ लिहायचे आणि दोनावर १२. रबर निघाल्याशिवाय काट मारायची नाही, आणि काट मारल्याशिवाय काडीवाल्यानं पुढची काडी हलवायची नाही. मग अदलाबदल. लई दंगा होतो, एकमेकांवर ओरडतात "थांब की, काट मारली नाही अजून". ते ओरडणं होऊ द्या, त्यातच सगळं शिकणं आहे.

काड्या बंद कधी करायच्या, तर एकदम नाहीच. डीएडला ब्रूनर हा मानसशास्त्रज्ञ वाचलेला आठवत असेल, कृती मग चित्र मग चिन्ह. आपण मधलं चित्र गाळतो. वहीत गठ्ठ्याला उभी रेघ, सुटीला टिंब. गठ्ठा सोडायचा तर रेघ खोडून दहा टिंबं काढायची. काही दिवसांनी पोरंच कंटाळून म्हणतात सर नुसते आकडे लिहितो. त्या दिवशी काड्या कपाटात.

आणि खेळण्यातल्या नोटा इतक्यात बाहेर काढू नका. गठ्ठा सोडला की आत दहा काड्या दिसतात, दहाची नोट सोडता येत नाही, ती बदलून घ्यावी लागते, ती पुढची पायरी.

जाता जाता, साताऱ्याकडच्या कुमठे बीटच्या, कृतीतनं शिकवण्यासाठी गाजलेल्या शाळा बघायला राज्यभरातनं शिक्षक यायचे तेव्हा बऱ्याच जणांनी रंगवलेल्या फरशीचे फोटो काढून नेले आणि गावाकडं जाऊन फरशी रंगवली. त्या फरशीवर बसून पोरं काय बोलतात ते लिहून नेणारे कमी. असो.

शिराळा_किराणा

मी दुकानदार माणूस, शाळेत गणितात कायम काठावर पास. पण बघा, गिऱ्हाईक २७ चं सामान घेतं आणि ५२ देतं, म्हणजे पन्नासची नोट आणि दोन सुटे, की मला सुटं द्यायला सोपं जावं म्हणून. मी कुठं हातचा घेतोय? सत्तावीसवर तीन तीस, वीस पन्नास, दोन बावन्न. पंचवीस दिले. माझी पोरगी चौथीत आहे, गल्ल्यावर बसती तवा असंच करती, एक रुपया चुकत न्हाई, आणि शाळेतनं येताना वजाबाकीवर लाल फुली घेऊन येती. हे वहीत का चालत न्हाई ते मला कुणीतरी सांगा.

कोरेगाव_मास्तर

चालतं की, न चालायला काय झालं. रिकामी रेघ मारायची, एका टोकाला २७, दुसऱ्या टोकाला ५२, मधे ३० आणि ५० वर उड्या. ३ + २० + २ = २५. ही पण वजाबाकीच, आणि कुठं चुकलं ते दिसतं पण. तुमच्या मुलीच्या बाईंना ही रेघ दाखवायला सांगा तिला.

तुम्ही म्हणता तशी पोरं जगात सगळीकडं आहेत. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात नारळ-बिरळ विकणाऱ्या पाच पोरांचा एक अभ्यास झाला होता, १९८५ ला छापून आलाय. धंदा करताना तोंडी हिशोब ९८ टक्के बरोबर, आणि तसलीच गणितं नुसती आकड्यांत मांडून कागद-पेन्सिल दिल्यावर ३७ टक्के. पाचच पोरं होती हे खरं, पण काड्यांचं २५ आणि वहीचं ३५ म्हणणारी त्यांना तिकडं पण भेटली म्हणायची.

जत_सीमेवरून

आमच्याकडं जत पूर्व भागात अजून एक गंमत आहे. घरी कन्नड, शाळेत मराठी. बावन्न म्हटलं की काही पोरं २५ लिहितात, कारण ऐकू आधी "बा" येतो, म्हणजे दोन. कन्नडमध्ये ऐवत्तेरडू, पन्नास आधी आणि दोन नंतर, तिथं तीच पोरं चुकत नाहीत. म्हणून मी गठ्ठे मांडताना संख्येचं नाव नंतर घेतो, आधी "पाच दशक दोन सुटे" असं मोठ्यानं म्हणायचं, मग लिहायचं, मग बावन्न. ताई तुमच्या पोरांचं एकदा तपासा, कदाचित ५२ च नीट मांडत नसतील. (२०१९ चा, दुसरीच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक" म्हणायचा वाद परत उकरू नका कृपा करून, त्यावर इथं पानंच्या पानं झालीत.)

साहित्याचं म्हणाल तर आमच्याकडं बांबू नाही, ज्वारीच्या धाटाचे तुकडे करतो, फुकट आणि हवे तेवढे. चिंचोके मोजायला चांगले पण त्यांचा गठ्ठा बांधता येत नाही, पुड्या कराव्या लागतात. आणि बेदाणे तर अजिबात वापरू नका, अर्धी वजाबाकी पोटात जाते 😀

तासगावकर_७

बेदाण्याचं आमच्या तासगावला सांगू नका 😀

बरं मास्तर, एक कबूल, उत्तर बरोबर की चूक हे पोरानं स्वतःच ओळखायला पाहिजे. आमच्या गुरुजींनी ताळा करायला लावलेला. ३५ आणि २७ मिळवले की ६२ येतात, ५२ कुठं आले? एवढं जरी शिकवलं तरी ३५ लिहिणार नाही. पण काड्यांनी वेळ जातो हे माझं मत कायम आहे.

पाटणची_बाई

सगळ्यांचे आभार. मास्तर, तुम्ही सांगितलं तसं गप्प बसून बघितलं (खरंच अवघड आहे). दोन-तीन सोडून सगळ्यांनी आधी गठ्ठेच उचलले. इतके दिवस माझं लक्ष उत्तराकडंच होतं, हात कुठं जातोय तिकडं बघितलंच नव्हतं. आडवं लिहायला सुरुवात केलीय, तिसरीवाल्यांना लगेच जमलं, दुसरीवाले ५२ − २० ला अडतात, तिथं दहा-दहानं मागं मोजायचं घेतेय. तासगावकर दादा, ताळा पण घेतला, आणि त्या मुलीनं स्वतःच ३५ खोडलं. नंतर काड्या बघून २५ लिहिलं, पण निदान दोन्ही खरे नाहीत एवढं तरी पटलं तिला.

आता तिसरीचं पुढचं विचारते. ३०२ वजा १४५. मधे शून्य. दशकच नाही तर सोडायचं काय? इथं मलाच घाम फुटतो.

कोरेगाव_मास्तर

शून्य म्हणजे दशक नाहीत असं म्हणूच नका, दशक आहेत, शतकाच्या आत बांधलेत. दहा गठ्ठ्यांचा एक मोठा गठ्ठा करून ठेवा आणि विचारा, तीन मोठ्या गठ्ठ्यांत मिळून छोटे गठ्ठे किती? तीस. मग ३०२ म्हणजे तीस दशक आणि दोन सुटे. तीसातला एक सोडला, उरले २९, आणि सुटे झाले १२. वहीत ३० वर एकदमच काट मारून २९ लिहायचं, दोनावर १२. बारातून पाच गेले सात, एकोणतीसातून चौदा गेले पंधरा. १५७. दोन-दोनदा हातचा घ्यायची भानगडच नाही. पण हे पहिल्यांदा करताना मोठा गठ्ठा खरोखर सोडायला लावा, आतले दहा छोटे गठ्ठे बाहेर पडलेले दिसू देत.

फक्त मोठ्या गठ्ठ्याला दुकानातलं रबर टिकत नाही, दोन दिवसांत तुटतं.

शिराळा_किराणा

सायकलच्या जुन्या ट्यूबचे काप करा. पंक्चरवाला फुकट देतोय.