मदत हवी आहे: पोट स्वतःलाच का पचवत नाही?

सातवीतल्या मुलीला पचनसंस्था शिकवताना मीच अडकलो आहे. तिचा प्रश्न साधा होता, "बाबा, जठरातलं आम्ल मांस विरघळवतं, मग जठर कसं शिल्लक राहतं? तेही मांसच ना?"

जठराचं उत्तर वाचून जमवलं. आतून चिकट श्लेष्माचा थर असतो, त्यात बायकार्बोनेट असल्यामुळे आम्ल भिंतीपर्यंत पोचेस्तोवर सौम्य होतं. शिवाय पेप्सिन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम (पाचक द्रव्य) आधी पेप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात स्रवतं आणि आम्लात आल्यावरच कामाला लागतं. म्हणजे पेशीतून बाहेर पडेपर्यंत सुरी म्यानातच! वरच्या थरातल्या पेशीही दर काही दिवसांनी नव्या येतात. इथवर बाईसाहेबांचं समाधान झालं.

खरी पंचाईत पुढे आहे. स्वादुपिंडातून येणारा ट्रिप्सिनोजेन (हाही असाच निष्क्रिय) लहान आतड्यात आला की तिथल्याच भिंतीवरचं एक एन्झाइम त्याचं ट्रिप्सिन करतं. तेही प्रथिनं तोडणारंच. पण आतड्याला तर जठराइतका जाड थर नाही. असला तर पोषकद्रव्यं शोषली कशी जातील? मग सुमारे ६ मीटर लांबीची ही नळी वाचते कशी? फक्त पातळ श्लेष्मा आणि पेशींची भराभर होणारी अदलाबदल एवढ्यावर?

जीवशास्त्र शिकवणाऱ्या किंवा वैद्यकीय क्षेत्रातल्या कुणी सोप्या शब्दांत सांगाल का? एखादी घरगुती उपमा सुचली तर फार बरं, कारण रासायनिक नावं घेतली की ती जांभया देते.