मदत हवी आहे: डीव्हीडी प्लेअर नव्या टीव्हीला जोडला, 'नो सिग्नल' येतंय (तातडीचं)

अर्धवट_पुस्तक | शुक्रवार, रात्री ८:४०
सगळं करून झालं. तीन रंगांची वायर लावली, रिमोटवरची सगळी बटणं दाबली, तरी 'नो सिग्नल'. प्लेअर चांगला आहे, ट्रे उघडतो, डिस्क फिरते, समोर मिनिटं सरकताना दिसतात. टीव्ही तर नवाच आहे. परवा आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत, पंधरा-वीस माणसं घरी येणार आणि मी सगळ्यांना सांगून बसलेय की लग्नाची डीव्हीडी लावणार. त्यात हे जोडल्यापासून टीव्हीचा आवाजही गेलाय, पण ते नंतर बघू. आधी चित्र कसं आणायचं ते सांगा.

पेचकस | ८:५२
टीव्हीचा मॉडेल नंबर? प्लेअरच्या मागे कोणकोणती भोकं आहेत? वायरचं दुसरं टोक टीव्हीत कुठे लावलंय?

अर्धवट_पुस्तक | ८:५८
४३ इंची, स्मार्ट. वायर मागे लावलीय, आणखी कुठे लावणार?

जुना_रेडिओवाला | ९:०४
दादा, प्लेअरच्या सेटिंगमध्ये प्रोग्रेसिव्ह स्कॅन (चित्र पाठवायची एक पद्धत) चालू राहिलं असणार. ते चालू असलं की कित्येक प्लेअरचं पिवळ्या पिनेतलं चित्र बंद होतं आणि फक्त लाल-हिरव्या-निळ्यातून येतं. बंद करा, चित्र आलंच म्हणून समजा.

अर्धवट_पुस्तक | ९:०७
ताई आहे मी. आणि चित्रच दिसत नसताना सेटिंगमध्ये जाऊ कशी?

गॅजेटगुरुजी | ९:११
त्या तीन पिना आता विसरा. एव्ही (म्हणजे त्याच तीन पिना) टू एचडीएमआय (नव्या टीव्हीचं चपटं भोक) कन्व्हर्टर मिळतो, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा असतो. लावला की चित्र एकदम एचडी.

पेचकस | ९:१५
एचडी कुठून होईल गुरुजी? आपल्याकडची डीव्हीडी ७२० बाय ५७६ ठिपक्यांची, आणि लग्न ४० वर्षांपूर्वीचं म्हणजे मूळ व्हीएचएस कॅसेट असणार, तिच्यात त्याच्या निम्मंही बारकावे नसतात. कन्व्हर्टर फक्त भोक बदलतो. डाळीत पाणी वाढवलं म्हणून डाळ वाढत नाही.

लोणच्याची_बरणी | ९:१९
आणि घेतलाच तर दिशा बघून घ्या! मी एचडीएमआय टू एव्ही आणला होता. दिसायला दोन्ही सारखेच. दोन तास झटापट केली, शेवटी भाच्याने डब्यावरचं 'इनपुट' वाचून दाखवलं. त्याला यूएसबीतून पॉवरही द्यावी लागते, ती वायर विसरली तरी 'नो सिग्नल'च.

न्यूजर्सीची_काकू | ९:३०
रीजन कोड, म्हणजे डिस्क कुठल्या देशांत चालेल त्याचा आकडा, तपासलास का गं? आमच्याकडे रीजन १, भारतात ५. शिवाय टीव्हीच्या चित्राची पद्धत इथे एनटीएससी, तिकडे पाल. मुंजीची डीव्हीडी इथे आणली तर प्लेअरने सरळ नाही म्हटलं. शेवटी लॅपटॉपवर बघितली.

जुना_रेडिओवाला | ९:३६
काकू, घरी भरलेल्या डिस्कला रीजन कोड नसतो. तुमच्या मुंजीला पाल नडलं असेल. आणि त्यांची डिस्क फिरतेय, मिनिटं सरकतायत. प्रश्न वायरीचा आहे.

न्यूजर्सीची_काकू | ९:३८
मी आपला अनुभव सांगितला.

पेचकस | ९:४१
अर्धवट_पुस्तक, टीव्हीचा आवाज गेला म्हणालात तेच महत्त्वाचं आहे. नव्या टीव्हीला पिवळं-पांढरं-लाल अशी तीन भोकं बहुधा नसतातच. तुमची वायर एका टोकाला मोबाइलच्या हेडफोनसारख्या एकाच बारीक पिनेची आहे का? ती ज्या भोकात आहे त्याच्या शेजारी हेडफोनचं चित्र आहे का?

अर्धवट_पुस्तक | ९:५५
हो! हेडफोनचं चित्र आहे. टीव्ही भिंतीला टांगलाय, मोबाइलचा टॉर्च लावून मान तिरकी करून बघितलं. पिन त्यातच बसत होती म्हणून लावली. वायर दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानातून ८० रुपयांना आणली. हे आधी सांगायला हवं होतं का?

पेचकस | ९:५८
सगळ्यात आधी. ते भोक आवाज बाहेर जायचं आहे, तिथे पिन गेली की टीव्हीला वाटतं हेडफोन लागला आणि स्पीकर गप्प. तुमचे दोन्ही प्रश्न एकच होते. आसपास 'एव्ही इन' लिहिलेलं तसंच दुसरं भोक असेल, बहुतेक पिवळी कड असलेलं. पिन त्यात पूर्ण दाबा, 'कट्' झालं पाहिजे. मग रिमोटवर सोर्स दाबून 'एव्ही' निवडा, एचडीएमआय नाही.

निवांत७२ | १०:०५
आमच्या वेळी टीव्हीच्या शटरला कुलूप असायचं. एकच वायर, छतावरच्या अँटेनाची. वारा आला की एकाने वर जायचं आणि खालून ओरडायचं, "आलं का? गेलं!" मॉडेल नंबर कुणी विचारला नाही.

अर्धवट_पुस्तक | १०:२०
मिळालं भोक. टीव्हीचा आवाज परत आला. पण एव्हीवर स्क्रीन काळी, आणि सनई ऐकू येतेय ती 'घर्रर्र' अशा घरघरीसकट. चित्र अजून नाहीच. आता दुकानदाराला जाऊन धरते.

गॅजेटगुरुजी | १०:२२
म्हणून म्हटलं कन्व्हर्टर घ्या.

जुना_रेडिओवाला | १०:२४
प्रोग्रेसिव्ह स्कॅन.

पेचकस | १०:३१
घरघर हा चांगला शकुन आहे. त्या बारीक पिनेवर चार कप्पे असतात: डावा आवाज, उजवा आवाज, चित्र आणि अर्थिंग. कुठला कुठे, याचा सगळ्यांचा एक नियम नाही. टीव्हीच्या खोक्यात येते ती वायर त्याच टीव्हीच्या नियमाची असते. दुकानातल्या पुष्कळशा कॅमकॉर्डरच्या नियमाच्या असतात, त्यात चित्र आणि उजवा आवाज यांची अदलाबदल असते. म्हणजे तुमचं चित्र आत्ता उजव्या स्पीकरमधून ऐकू येतंय, तीच घरघर. टीव्हीकडचं टोक तसंच राहू द्या. प्लेअरच्या मागे लाल पिन काढून पिवळ्या भोकात घाला आणि पिवळी लाल भोकात. पांढरी हलवू नका.

लोणच्याची_बरणी | १०:३५
लाल पिन पिवळ्यात? टीव्ही जळला तर?

पेचकस | १०:३७
काही जळत नाही, चित्राचा सिग्नल जेमतेम एक व्होल्टचा असतो. मात्र प्लेअरला लाल भोकं दोन असू शकतात. पांढऱ्याच्या शेजारचं लाल आवाजाचं. निळ्या-हिरव्याच्या शेजारचं लाल चित्राचं, त्याला हात लावू नका. नारिंगी असेल तर तेही नको, ते डिजिटल आवाजाचं.

अर्धवट_पुस्तक | १०:४९
आलं!!! रंगीत आलं! मांडव दिसतोय, बाबांच्या डोक्यावर भलामोठा फेटा आणि डोळ्यांवर गॉगल!

आवाज ऐकून आई झोपेतून उठून आली. पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "मी लग्नात इतकी जाड नव्हते." खरंच, सगळेच बसके आणि रुंद दिसतायत. भटजी तर चौकोनी.

जुना_रेडिओवाला | १०:५५
आईंचं बरोबर आहे. तेव्हाचं चित्र ४:३ आकाराचं, तुमचा टीव्ही १६:९ चा. तो ताणून भरतोय, त्यामुळे माणसं एक-तृतीयांश रुंद होतात. टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये ४:३ करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते यायलाच हवेत. तिथे नाही जमलं तर प्लेअरच्या सेटअपमध्ये जा. आता दिसतंय तर तेवढ्यात प्रोग्रेसिव्ह स्कॅनही बघून घ्या.

गॅजेटगुरुजी | ११:००
काळे पट्टे वाईट दिसतात. झूम करा.

जुना_रेडिओवाला | ११:०२
झूम केलं की वरून-खालून कापलं जातं. नवरदेवाचा फेटा जाईल. ठेवा तुमचं झूम.

अर्धवट_पुस्तक | ११:१०
४:३ केलं. आई आता बारीक झालीय आणि झोपायला तयार नाही. एकच, मंगलाष्टकांच्या सुमारास डिस्क अडकते, चौकोन-चौकोन होतात आणि एकदम जेवणाच्या पंगतीवर उडी मारते.

पेचकस | ११:१६
डिस्क मऊ सुती कापडाने पुसा, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ. गोल-गोल घासू नका, गोल चरा प्लेअरला जास्त नडतो. तरीही अडकली तर एवढ्यात हार मानू नका, संगणकाचा ड्राइव्ह कधीकधी तीच डिस्क वाचतो. कुणाकडून यूएसबीचा ड्राइव्ह आणा आणि डिस्कवरचं 'व्हिडिओ_टीएस' हे फोल्डर (सगळं चित्रण त्यातच असतं) अख्खं उतरवून घ्या. घरी भरलेल्या डिस्कवरचा रंगाचा थर वर्षांगणिक खराब होतो. हे काम रविवारच्या आधी करा. मूळ कॅसेट आहे का अजून?

अर्धवट_पुस्तक | ११:२१
कॅसेट माळ्यावर कुठेतरी असेल. डीव्हीडी करून घेतली त्यालाच पंधरा-सोळा वर्षं झाली.

न्यूजर्सीची_काकू | ११:२५
कॅसेट मिळाली तर फिरवायच्या आधी आत पांढरी बुरशी धरलीय का बघ गं. तशीच लावलीस तर प्लेअरचं हेडही जातं. हे मात्र पक्कं सांगते, आमचं गेलंय.

निवांत७२ | ११:३२
अवांतर: तेव्हाचे व्हिडिओवाले मंगलाष्टकांवरच सिनेमातलं गाणं चढवायचे. तुमच्याकडे खरी ऐकू येतायत का?

अर्धवट_पुस्तक | शनिवार, सकाळी १०:०५
पुसल्यावर मंगलाष्टकं चालली, फक्त दोनदा अडखळली. निवांतकाका, गाणंच आहे, भटजींचे नुसते ओठ हलतात. बाबा म्हणतात तिसरं कडवं आजोबांनी स्वतः रचून म्हटलं होतं, ते त्या गाण्याखाली गेलं. ड्राइव्ह शेजारच्यांकडून मिळालाय, कॉपी सुरू आहे. पेचकस, तुम्ही सांगलीत असाल तर उद्या जेवायला या.

पेचकस | १०:२०
चंद्रपूरला असतो. बाबांना ते कडवं आठवत असेल तर आजच लिहून घ्या.

झुळूक | १०:४४
माझाही सेम प्रॉब्लेम. प्लेअर लावला पण काहीच येत नाही. लवकर सांगा, पाहुणे येतायत.